वाल्मीकनानांचा झुलता दगड

ओझरच्या विमान कारखान्यातून वाल्मीक गांगुर्डे निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी घरातला मिक्सर उघडला. मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं.

"आवाज करतोय," ते म्हणाले.

"मग मिक्सरनं आवाज करायचा नाय तर काय भजन म्हणायचं?" त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, विचारलं.

दुपारपर्यंत मिक्सर पुन्हा जोडून झाला. आवाज खरंच कमी झाला, फक्त चटणी भरड निघायला लागली. त्यानंतर फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या, शेगडीची बटणं झाली, शिलाई मशीन झालं, शेजारच्यांच्या स्कूटरचा ब्रेक झाला. महिनाभरात सगुणाबाईंवर अशी पाळी आली, की धड चालणारी वस्तू नानांच्या नजरेला पडू नये म्हणून त्या ती फडक्याखाली झाकून ठेवायला लागल्या.

वाल्मीकरावांना घरात आणि आळीत सगळेच नाना म्हणत. मूळ गाव चांदवडजवळचं. वडील गेणू गांगुर्डे कांदा आणि बाजरी करायचे. नाना नाशिकला आयटीआय करून ऐन विशीत कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि साठी येईपर्यंत तिथेच राहिले. विमानाच्या सांगाड्याचे भाग ज्या लोखंडी साच्यावर बसवून जोडतात, तो साचा काटेकोर बसवायचा, हे त्यांचं काम. साचा केसभर सरकला तर पंख वाकडा. त्यामुळे त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोराला ते ऐकावं लागे: "जे हलतं ते चुकतं. आधी पक्कं बांध, मग मोज."

आता बांधायलाही काही नव्हतं आणि मोजायलाही. नाना पेपर दोनदा वाचत, मग ओट्यावर बसून महामार्गाच्या बाजूला बघत राहत.

घरात मुलगा शेखर होता, अंबडच्या औषध कंपनीत कामाला. आणि सून सायली. ती नांदगावची, तिच्या वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. भौतिकशास्त्र शिकून ती पुण्याला डॉक्टरेट करून आली होती आणि नाशिकच्या एका कॉलेजात शिकवत होती. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरा-सुनेचं बोलणं "नाना, चहा ठेवू?" आणि "ठेव" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतीच भीड होती. ती नेमकं काय करते हे नानांना ठाऊक नव्हतं. रक्तातल्या पेशी, प्रोटीन, असं काहीबाही कानावर आलं होतं. भावकीत कुणी विचारलं तर ते सांगत, "लॅबमध्ये हाय." त्यामुळे एका लग्नात म्हाताऱ्या अक्काबाईंनी सायलीपुढे बोट धरलं होतं, "माझी शुगर बघ गं बाई." सायली हसली आणि त्यांचं बोट हातात घेऊन तिथंच गप्पा मारत बसली. ते मात्र नानांनी मनात टिपून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी सायली घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. पर्स खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली.

"काय झालं गं?" सगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारलं.

"टेबल हलतंय, आई."

बाहेर नानांनी पेपर खाली केला. "कुठलं टेबल?"

सायली जरा दचकलीच. "आमच्या लॅबमधलं. मायक्रोस्कोप ठेवलाय ते."

"किती हलतंय?"

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. "फार नाही. पण मला जे मोजायचंय ते त्याहून बारीक आहे."

"बारीक म्हणजे किती? ती पेशी केवढी असते?"

"तांबडी पेशी आठ मायक्रॉनची असते."

नानांनी चष्मा काढला. "मायक्रॉन? आमचा मायक्रॉन?"

"मायक्रॉन एकच असतो, नाना. मिलिमीटरचा हजारावा भाग."

"ते मला नको सांगू," नाना म्हणाले, पण आता ते उठून आत आले होते आणि पाट ओढून बसले होते. उभा जन्म ज्या मापात गेला, ते माप सून ओळखते हे त्यांना नवीन होतं. "आठ मायक्रॉन म्हणजे आपल्या टप्प्यातलंच की. आणि त्यात तू काय मोजतेस?"

"तिची कड. जिवंत पेशीची कड जागच्या जागी थरथरत असते. मायक्रॉनच्या साधारण विसाव्या भागाएवढी."

नानांनी हळूच शीळ घातली.

कोपऱ्यात कांद्याची जाळीदार गोणी होती. सायलीने ती ओढली, त्यातले कांदे टोपलीत ओतले आणि रिकामी गोणी दोन्ही हातांत धरून ताणली. "पेशीच्या कातडीला आतून अशी जाळी असते. प्रोटीनची. ती लवचिक असते म्हणून पेशी स्वतःपेक्षा बारीक नळीतून घडी घालून पलीकडे जाते. रक्तपेढीत रक्त साठवून ठेवलं की ही जाळी दिवसेंदिवस ताठ होत जाते. जाळी ताठ झाली की थरथर कमी होते. ती थरथर नीट मोजता आली, तर पिशवीतलं रक्त आतून कसं आहे ते सांगता येईल असं मला वाटतंय. पण..."

"पण टेबल हलतंय."

"हो ना."

"उद्या मी येतो," नाना म्हणाले. सगुणाबाईंनी मिक्सरवरचं फडकं जरा सारखं केलं आणि देवाकडे बघून हात जोडले.

कॉलेज महामार्गाला लागून होतं. सायलीची लॅब तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. तिथं एका लाकडी टेबलावर मायक्रोस्कोप, त्याला कॅमेरा आणि बाजूला कॉम्प्युटर. एमएस्सीची राखी नावाची विद्यार्थिनी तिच्या मदतीला होती. तिने पडद्यावर एक गोल, मधे खोलगट पेशी आणली. शेजारी एक रेघ पुढेपुढे सरकत होती. ती रेघ म्हणजे पेशीच्या कडेची हालचाल.

"ही जिवंत नाहीये," सायलीने सांगितलं. "औषधात घालून मुद्दाम ताठ केलीय. हिची कड मुळीच हलायला नको. रेघ सरळ यायला हवी."

रेघ करवतीच्या दात्यांसारखी येत होती. बाहेरून ट्रक गेला तशी ती उसळली. वरच्या वर्गात कुणीतरी बाक ओढला तशी पुन्हा उसळली. तेवढ्यात मैदानातून ढोलाचा पहिला ठोका आला. गणपती महिन्यावर आले होते आणि कॉलेजच्या पथकाचा सराव रोज संध्याकाळी चाले. मग तर रेघेला धरबंधच राहिला नाही. वरपासून खालपर्यंत नुसता पिंगा.

"मेलेली पेशी नाचतेय की," नाना म्हणाले.

"नाशिक ढोल आहे नाना, मेलेलं माणूसही नाचेल," राखी म्हणाली आणि जीभ चावली. ती स्वतः त्याच पथकात ढोल वाजवायची.

"हे माझ्यावर सोड," नाना सायलीला म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज कारखान्यातला वाटला.

नानांनी टेबल बांधायला घेतलं. जाड लोखंडी चॅनेल आणले, ओझरच्या वेल्डिंगवाल्याकडे उभं राहून पायाला पाय जोडून घेतला, वर जाड प्लेट बसवली. चार माणसांनी आत आणताना दारात अडकलं. सायली मधेच एकदा म्हणाली, "नाना, ते जमिनीला घट्ट बांधलं तर जमिनीचा हादरा थेट..." पण नाना जमिनीत बोल्ट बसवायला भोकं पाडत होते आणि ड्रिलच्या आवाजात ते वाक्य विरून गेलं. खरं तर नानांना ऐकू आलं होतं. पण जन्मभर विमानांचे साचे बांधलेल्या माणसाला टेबल कसं बांधावं हे कुणी शिकवावं, हे त्यांना पटलं नाही. सायलीनेही मग विषय काढला नाही.

टेबल पक्कं झालं. नाना त्यावर स्वतः चढून उभे राहिले आणि पाय आपटून दाखवला. तसूभर हललं नाही. शिपायाने नारळ फोडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग राखीने मायक्रोस्कोप वर ठेवला आणि ताठ केलेली पेशी पडद्यावर आणली.

रेघ आधीपेक्षा दुप्पट उसळत होती.

राखीने खिडकीबाहेर बघितलं. "मॅडम, आज तर ढोल अजून सुरूपण झाले नाहीत."

सायलीने शांतपणे समजावलं, की टेबल इतकं पक्कं आहे की जमीन आणि ते आता एकच झालंय. जमिनीत जे येतं ते न गाळता वर जातं. "बांधायला नको, नाना. टांगायला हवं. रबरावर. म्हणजे खालून जलद हादरे आले तरी वरचं आपल्या संथ चालीनं झुलत राहील."

"झोक्यावर?" नाना म्हणाले. "मशीन झोक्यावर ठेवायचं? ज्यावर मोजायचं तेच हलतं ठेवायचं?"

"हलू द्यायचं. पण सावकाश."

नाना हातातला पाना पिशवीत टाकून बसस्टॉपकडे निघाले. घरी आल्यावर त्यांनी न गळणारा नळ दुरुस्त केला. तो गळायला लागला. मग तो पुन्हा दुरुस्त केला. जेवताना एक अक्षर बोलले नाहीत. सायलीने वाढलेली आमटी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली, यावरून सगुणाबाईंनी ओळखलं की राग सुनेवर नाही, लोखंडावर आहे.

त्या रविवारी नाना गावी गेले. धाकट्या भावाने बांबूच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा बाजारात न्यायचा होता आणि चार हात कमी पडत होते. भावाची मुलगी तेजस्विनी बाळाला घेऊन माहेरी आली होती. चाळीच्या आडव्या बांबूला साडीची झोळी बांधून तिने पोराला आत निजवलं होतं आणि ती बाया-माणसांबरोबर कांदा निवडत होती. ट्रॅक्टर चाळीला अगदी खेटून उभा होता, इंजिन चालूच. नानांनी सहज टेकायला म्हणून खांबाला हात लावला, तर हादरा कोपरापर्यंत चढला. सगळी चाळ दाढदुखी लागल्यासारखी थरथरत होती.

आणि झोळीतलं पोर गाढ झोपलं होतं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, तोसुद्धा ओघळला नव्हता.

नाना बघत राहिले. त्यांनी पुन्हा एक हात खांबाला लावला आणि दुसरा झोळीच्या बुडाला. खांब थरथरत होता. झोळी शांत होती. मग त्यांनी झोळीला हलकासा धक्का दिला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत एक, दोन, तीन असे हेलकावे मोजायला सुरुवात केली. मग जरा जोरात दिला. मग बाजूने दिला. पोराने डोळे उघडले, नानांच्या मिशांकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

"अहो नाना!" तेजस्विनी कांद्याच्या ढिगातून धावत आली. "आत्ता कुठं निजलं होतं! तुम्हाला काय खेळायला हेच सापडलं का?"

"लय शहाणं लेकरू हाय तुझं," नाना म्हणाले आणि फोन काढून चाळीबाहेर गेले.

सायलीने फोन उचलला. सासऱ्यांनी तिला थेट फोन करायची ही पहिलीच वेळ होती. "काय झालं नाना? सगळे बरे आहेत ना?"

"झोका किती सावकाश झुलायला पाहिजे?"

सायली म्हणाली, "सेकंदाला एक हेलकावा. त्याहून सावकाश असेल तर उत्तमच. पण नुसतं बाजूला नाही, वर-खालीसुद्धा तसंच. म्हणून रबर."

"बरं. उद्या तुझा तास झाला की ट्यूब बघायला जाऊ."

एवढंच बोलणं झालं. पण सायलीने फोन ठेवला आणि एकटीच स्वयंपाकघरात हसली, असं सगुणाबाई अजून सांगतात.

पुढचे दिवस धमाल गेले. ओझरच्या पंक्चरवाल्याकडे ट्रकच्या जुन्या ट्यूबांचा ढीग होता. नाना आणि सायली तिथं बाकड्यावर बसून एकेक ट्यूब ओढून बघायचे. पंक्चरवाल्याला वाटलं बाप-लेक आहेत. नानांनी चूक दुरुस्त केली नाही. ट्यूबांच्या पट्ट्या कापल्या. लोखंडी टेबलाचे बोल्ट काढले, वरची प्लेट उतरवली, चारही कोपऱ्यांवर उंच खांब जोडले, आणि त्या सांगाड्याच्या मधोमध काळ्या कडप्प्याची जाड फरशी रबरी पट्ट्यांवर टांगली. पहिल्या दिवशी फरशी धाडकन जमिनीला टेकली. दुसऱ्यांदा पट्ट्या इतक्या झाल्या की ती कोंबडीसारखी टुणटुण उड्या मारायला लागली. सायली वहीच्या कोपऱ्यात गणित करून सांगायची, रबर अजून वीतभर ताणलं पाहिजे. नाना म्हणायचे, मग वजन वाढव. तिने वाढवलं. झुलणं संथ झालं.

पण मग तिसरीच गंमत. ताणलेलं रबर दिवसागणिक सैल पडत होतं. सकाळी बरोबर उंचीवर असलेली फरशी संध्याकाळी बोटभर खाली. नाना रोज सकाळी जाऊन पट्ट्या आवळायचे आणि दगड रोज आपला खाली यायचा.

"नवीन बाज विणली की पहिले काही दिवस अशीच पडते," सगुणाबाई एका रात्री जेवताना म्हणाल्या. "सगळी ओढ निघून गेल्याशिवाय ती थांबत नाय."

सायली म्हणाली, "मग ओढ आधीच काढून टाकू. नव्या पट्ट्या आधीच वजनाला लावून ठेवू."

दुसऱ्या दिवसापासून गांगुर्ड्यांच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला रबरी पट्ट्या लटकल्या, आणि प्रत्येक पट्टीला वाळूने भरलेली एकेक गोणी. वारा सुटला की सगळ्या गोण्या मिळून हेलकावे घ्यायच्या. येणारे-जाणारे फाटकापाशी थांबायला लागले.

"नाना, नवस बोललात का काय?" शेजारच्या खंडेरावांनी विचारलं.

"हो," नाना म्हणाले. "रक्ताचा हाय."

खंडेरावांनी पुढे विचारलं नाही आणि आठवडाभर त्या बाजूने जाताना पाऊल झपाझप उचललं.

पट्ट्या पुऱ्या ताणून थांबल्या तशा त्या कॉलेजात नेऊन बसवल्या. वरून लाकडी खोका, म्हणजे हवेतून येणारा आवाजही अडावा. खोक्याला आतून सगुणाबाईंच्या जुन्या गोधडीचं अस्तर. गोधडी देताना त्या म्हणाल्या होत्या, "हिच्यात शेखर वाढलाय. तुमच्या पेशीला काय धाड भरणार हाय?"

आणि मग ढोलाचा विषय नानांनीच काढला. "राखी, ढोल आत आण."

"आत कुठं?"

"आधी मैदानात वाजव. मग व्हरांड्यात. मग या दाराशी."

राखीने सायलीकडे बघितलं. सायलीचे डोळे चमकले. आजवर ती स्टाफरूममध्ये, प्राचार्यांकडे, सगळीकडे ढोल थांबवा म्हणून विनवण्या करत होती. पथकाच्या पोरांनी तर मॅडम आपल्यावर खार खाऊन आहेत असंच धरलं होतं. त्या दिवशी राखी मैदानात गेली आणि म्हणाली, "लॅबमधून निरोप आहे. जेवढ्या जोरात वाजवता येईल तेवढ्या जोरात वाजवा."

पोरांना आधी खरंच वाटेना. मग वाटलं.

खोलीत नाना, सायली आणि पडदा. पडद्यावर ताठ केलेली पेशी. मैदानात ढोल घुमला. खिडकीच्या काचा थडथडल्या. रेघ सरळ. ढोल व्हरांड्यात आले. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी शहारलं. रेघ सरळ. मग दाराशी राखी आणि तिच्या मागे आख्खं पथक, ताशावाल्यांसकट. नानांच्या छातीत ठोके वाजायला लागले, ट्यूबलाइटवरची धूळ खाली पडली, शेजारच्या वर्गातले प्राध्यापक कानांवर हात ठेवून बघायला आले.

रेघ सरळ. नुसती दोऱ्याएवढी बारीक सळसळ, बाकी तळ्यातल्या पाण्यासारखी.

सायलीने काही न बोलता नानांचं बोट हातात घेतलं, टोचलं आणि रक्ताचा थेंब काढला. तो पातळ करून, काचेवर घेऊन तिने खोक्यात सरकवला. पडद्यावर नवी पेशी आली. तीही तशीच गोल, तशीच मधे खोलगट. पण हिची कड झिळमिळत होती, उन्हात पाण्यावर येतं तसं. रेघ उठली आणि बारीक, अखंड, जिवंत थरथर करत पुढे निघाली. बाहेर ढोल चालूच होते आणि रेघेला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. ही तिची स्वतःची होती.

"हे तुमचं," सायली नानांच्या कानाशी ओरडली.

नाना कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे पुसले, ते चष्म्याच्या निमित्ताने. "साठी उलटलेल्या माणसाचं रक्त एवढं नाचतंय?"

"साठी तुमची, नाना. तांबडी पेशी चार महिनेच जगते, मग नवी येते. तुमच्या रक्तातली सगळ्यात म्हातारी पेशीसुद्धा यंदाच्या उन्हाळ्यातली आहे."

नाना एकदम मोठ्याने हसले. "म्हणजे निवृत्तीनंतरची भरती!" असं म्हणून ते दार उघडून व्हरांड्यात गेले, राखीच्या हातातून टिपरू घेतलं आणि ढोलावर दणादण चार ठोके दिले. ताल काही जमला नाही. पथकाने तो सांभाळून घेतला. सायली दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिला मिटिंगला बोलावणारे दहा निरोप फोनवर येऊन पडले होते.

त्यानंतर कामाला वेग आला. रक्तपेढीने नुकत्याच भरलेल्या पिशव्यांतल्या रक्ताचे नमुने दिले. सायली आणि राखी आठवड्या-आठवड्याने त्या पेशींची थरथर मोजत गेल्या. जसजसं रक्त शिळं होत गेलं, तसतशी थरथर मंदावत गेली. पण सगळ्या पिशव्यांत सारख्या वेगाने नाही. एका माणसाचं रक्त लवकर ताठ व्हायचं, दुसऱ्याचं जास्त दिवस लवचिक राहायचं. असं का, हा पुढचा प्रश्न निघाला आणि सायलीला त्याचाच जास्त आनंद झाला. पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा शेवटी आभारात नानांचं पूर्ण नाव होतं. ते पान शेखरने भावकीच्या ग्रुपवर टाकलं. अक्काबाईंचा फोन आला, की पेपरात नाव आलंय तर आता तरी माझी शुगर बघायला त्या पोरीला पाठव.

नाना आता आठवड्यातून तीनदा सायलीबरोबर सकाळच्या बसने कॉलेजला जातात. येता-जाता दोघं अखंड बोलत असतात, कधी रबराविषयी, कधी नांदगावच्या तिच्या शाळेविषयी, कधी कारखान्यातल्या जुन्या लोकांविषयी. नवीन आलेल्या पोरांना नाना मायक्रोस्कोपला हात लावू देत नाहीत, आधी फरशी झुलवायला लावतात आणि हेलकावे मोजायला सांगतात. "पक्कं बांधायचं कुठं आणि सोडायचं कुठं, हे आधी ठरव," असं काहीसं ते हल्ली म्हणतात. घरच्या वस्तू सुखात आहेत.

गेल्या महिन्यात नांदगावच्या कॉलेजातून सायलीला फोन आला. तिला अकरावीला शिकवणारे सर तिथं होते. त्यांच्याकडे एक चांगला मायक्रोस्कोप आला होता, पोरं हुशार होती, पण टेबल हलत होतं. शनिवारी सगळेच निघाले. शेखरने गाडी काढली. डिकीत कडप्पा, मागच्या सीटवर सायली आणि रबराच्या पट्ट्यांची गुंडाळी, आणि सगुणाबाईंच्या मांडीवर शिदोरी. तिकडे व्याह्यांकडे जेवण होतंच, पण व्याह्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं.

कॉलेजात सरांनी खोली दाखवली. नाना मधोमध उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय फरशीवर टेकवले, डोळे मिटले. जवळच रेल्वेचा मार्ग होता. थोड्याच वेळात लांबून मालगाडी आली. जमीन आधी गुणगुणली, मग घुमली, मग खिडकीचे गज वाजायला लागले. डबे संपता संपेनात. सर ओशाळून म्हणाले, "हे असं आहे हो इथं. दिवसभर गाड्या. दुसरी खोली बघायची का?"

नानांनी डोळे उघडले. चेहरा उजळलेला होता.

"नाय नाय, हीच राहू द्या," ते म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या सारत सायलीकडे वळले. "लय झकास जागा हाय. काढ गं टेप."